सिरोंच्याच्या पोरीला नागपूर किती लांब पडतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं की गडचिरोली, गोंदिया, भंडारा अशा छोट्या जिल्ह्यांमध्ये स्काऊट-गाईडची वेगवेगळी कार्यालयं ठेवण्यात काही अर्थ नाही, सगळं एकत्र करून नागपूरवरून चालवावं, खर्च वाचेल, आणि अमेरिकेनेसुद्धा मुलींच्या संघटनेत हेच केलं आहे. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण मी तेवीस वर्षं नागपुरात गाईड कॅप्टन होते, शाळेत मराठी शिकवायची आणि शनिवारी दुपारी गाईडचं पथक घ्यायची, आणि ते पत्र वाचल्यापासून मला चैन नाही. म्हणून लिहायला बसली. थोडं लांबेल, पण छापा ही विनंती.

पहिले एक गोष्ट कबूल करते की त्या पत्रातलं काही खरं आहे. छोट्या जिल्ह्यात ऑफिस म्हणजे बरेचदा एक खोली, एक कपाट आणि एक माणूस, आणि तोच माणूस नोंदणी करणार, तोच हिशोब लिहिणार, ऑडिटच्या वेळी तोच पळणार, शिबिर लागलं की भाजी आणायलाही तोच जाणार. हे असं चालू नये हे मलाही पटतं. आणि नागपूरला सगळं आलं तर नागपूरचा फायदाच आहे, इथे हॉल आहेत, रेल्वे आहे, प्रशिक्षित गाईडर, म्हणजे पथक घेणाऱ्या बाया, जास्त आहेत. मी नागपूरचीच, म्हणजे माझंही काही नुकसान नाही त्यात. तरी मी म्हणते की हे करू नये, निदान ज्या पद्धतीने त्यांनी सुचवलं त्या पद्धतीने तर नाहीच.

त्यांनी अमेरिकेचा दाखला दिला म्हणून तिथलं काय झालं ते आधी सांगते, कारण ते अर्धंच सांगितलं गेलं. ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी १२ मार्च १९१२ ला सव्हाना या गावात १८ मुली घेऊन गर्ल स्काउट, म्हणजे तिथलं गाईड, सुरू केलं. पुढे ते देशभर पसरलं आणि गावोगावच्या, भागाभागाच्या काउन्सिल झाल्या. या काउन्सिल म्हणजे नुसत्या शाखा नव्हत्या बरं का, प्रत्येकीचं स्वतःचं मंडळ, स्वतःचा पैसा, स्वतःची जमीन, स्वतःच्या कॅम्पच्या जागा, आणि वरच्या संघटनेकडून फक्त सनद. मुली दरवर्षी बिस्किटं विकतात, त्यातला मोठा वाटा काउन्सिलला राहतो, त्यावर सगळं चालतं. अशा तीनशेहून जास्त काउन्सिल होत्या. २००४ नंतर वरून ठरलं की इतक्या नकोत, साधारण ११० च्या आसपास पुरे, आणि २००९ पर्यंत बहुतेक ठिकाणी ते झालंही. म्हणजे तीनाची एक.

कारणं पटण्यासारखीच होती. छोट्या काउन्सिलला चांगला पगार देऊन माणसं ठेवता येत नव्हती, एकाच शहरात दोन-दोन काउन्सिलच्या हद्दी होत्या, पालक गोंधळायचे. पण पुढे काय झालं? ओहायोच्या ईशान्य भागात २००७ मध्ये पाच काउन्सिल मिळून एक झाली. आता पाच जणींच्या कॅम्पच्या जागा एकीच्या नावावर आल्या. आधी जी जागा त्या भागातल्या मुलींची एकुलती एक होती ती आता यादीतली एक झाली, आणि यादी म्हटली की मग छपराचा खर्च, विहिरीचा खर्च, वापर किती, असं सगळं तक्त्यात येतं आणि तक्त्यात जी जागा खाली दिसते ती काढून टाकायची असं ठरतं. तिथे बऱ्याच जागा बंद करायचं ठरलं तेव्हा ज्या बायका लहानपणी त्या कॅम्पमध्ये पोहायला शिकल्या होत्या त्या कोर्टात गेल्या. आयोवामध्येही असंच भांडण झालं. त्या बायकांना वेडं म्हणायची माझी हिंमत नाही. जिथे आपण पहिल्यांदा आईशिवाय रात्र काढली ती जागा माणूस विसरत नाही.

आणि विस्कॉन्सिनमधली मॅनिटू काउन्सिल, तिने तर विलीन व्हायलाच नकार दिला. तिची हद्द काढून मोठ्या काउन्सिलला द्यायचं ठरलं होतं. ही सात-आठ तालुक्यांएवढी छोटीशी काउन्सिल आपल्याच वरच्या संघटनेविरुद्ध कोर्टात गेली आणि २०११ मध्ये शिकागोच्या अपील कोर्टाने निकाल तिच्या बाजूने दिला, तिथल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे योग्य कारण असल्याशिवाय हद्द अशी काढून घेता येत नाही म्हणून. ती काउन्सिल वेगळीच राहिली. हे त्या पत्रात नव्हतं.

सभासदांचं म्हणाल तर २००३ च्या सुमारास मुली आणि मोठे मिळून तिथे ३८ लाखांच्या वर लोक होते, २०१४ मध्ये ते २८ लाखांवर आले. आता मी असं अजिबात म्हणणार नाही की हे फक्त विलीनीकरणामुळे झालं, आयांना नोकऱ्या आहेत, पोरींना दहा क्लास आहेत, तिथेही आणि इथेही, स्वयंसेवक मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. पण विलीनीकरणाने संख्या वाढेल अशी जी आशा होती ती काही पूर्ण झाली नाही एवढं तर आकड्यातून दिसतंच, मग आपण त्याचा दाखला यश म्हणून कसा काय द्यायचा? ब्रिटनमध्ये तर २०२३ मध्ये तिथल्या संघटनेने आपली पाचही प्रशिक्षण केंद्रं बंद करायचा निर्णय घेतला, त्यात फॉक्सलीज होतं, जे १९२२ पासून गाईडचं होतं. शंभर वर्षं.

असो, परदेशाचं पुरे. मी माझं सांगते.

मी ज्या शाळेत होते ती एका संस्थेची कळमन्याकडची शाखा होती. मुख्य शाळा महालच्या बाजूला. संस्थेचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही, कुणाला दुखवायचं नाही. दोन्हीकडे गाईडचं पथक होतं, तिकडे १६ पोरी, आमच्याकडे १६. २०१० मध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं की एका पथकात ३२ पर्यंत मुली बसतात, १६ आणि १६ बत्तीस, मग दोन पथकं कशाला, दोन कॅप्टन कशाला, एकच करा. कागदावर इतकं बरोबर बसत होतं की मलाही चटकन काही बोलता आलं नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ते मला आजही सलतं.

आमची एक पत्र्याची हिरवी पेटी होती. त्यात दोऱ्या, संघाचे झेंडे, प्रथमोपचाराच्या पट्ट्या, शिट्ट्या, लॉगबुकं. मोगरा आणि जाई असे दोन संघ होते आमचे, झेंड्यावरची फुलं पोरींनी स्वतः भरलेली, मोगऱ्याच्या झेंड्यावर एका पाकळीला पांढरा दोरा संपला म्हणून पिवळा लावलेला. पेटीतली दोरी कुठून आली होती सांगते. आदल्या वर्षी खरी कमाईला पोरींनी शाळेच्या आवारात तर्री-पोहे विकले होते, सकाळी सहाला येऊन कांदा चिरत होत्या, त्या पैशातून आम्ही इतवारीतून दोरी आणि दोन ताडपत्र्या घेतल्या होत्या. ती पेटी सायकल रिक्षात घालून मुख्य शाळेत पाठवली. पोरी गेटपर्यंत मागे आल्या.

मुख्य शाळेत पथक शनिवारी साडेचारला भरायचं. तिथल्या पोरी आजूबाजूच्या गल्ल्यांतल्याच, पाच मिनिटांत घरी. आमच्या पोरींना शाळा सुटल्यावर तिथपर्यंत जायला दोन ऑटो बदलावे लागायचे, जायचे आणि यायचे पैसे, आणि डिसेंबरात नागपुरात साडेपाचला सूर्य मावळतो. पहिल्या शनिवारी ११ जणी गेल्या. दिवाळीनंतर ५. जानेवारीत एकच उरली, आणि ती पण यासाठी की तिच्या वडिलांचा पानठेला तिकडेच होता, ती त्यांच्यासोबत परत यायची. बाकीच्या पोरी आळशी नव्हत्या हो. एकजण मला म्हणाली, मॅडम, आई म्हणते ऑटोला पैसे देते पण अंधाराचं काय करू. त्यावर मी काय उत्तर देणार.

आणि सगळ्यात वाईट काय तर रजिस्टरमध्ये वर्षभर ३२ नावं होती. वरून बघणाऱ्याला एक भरलेलं, चांगलं मोठं पथक दिसत होतं. दोनाचं एक झालं, खर्च वाचला, पोरी तेवढ्याच. सोळाच्या पंधरा गळल्या हे कुठल्याच कागदावर आलं नाही, कारण ते मोजायला आता कुणी कळमन्यात नव्हतंच. दोन वर्षांनी मी भांडून पुन्हा आमचं पथक सुरू केलं तेव्हा पेटी परत आणली, झेंडे होते, दोरी नव्हती, आणि त्या पोरी तर नववी-दहावीत जाऊन मोकळ्या झाल्या होत्या. त्यांची गाईडची वर्षं परत आली नाहीत. शहराच्या शहरात, सात-आठ किलोमीटरमध्ये हे झालं. आता सिरोंच्याचं बोला.

गडचिरोली जिल्हा लांब किती आहे हे नागपुरात बसून कळत नाही. नागपूरहून गडचिरोलीच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि तिथून सिरोंचा अजून दोनशेच्या वर, म्हणजे सिरोंच्याच्या शिक्षिकेला नागपूरला एका दिवसाच्या बैठकीला यायचं तर तिचे तीन दिवस जातात आणि रात्रीचा मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न वेगळा. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा काढला, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया काढला. का काढले? लोकांना ऑफिस जवळ पडावं म्हणूनच ना. सरकारने जे अंतर कमी केलं ते आपण दहा-अकरा वर्षांच्या पोरींसाठी पुन्हा वाढवायचं?

मुलांचं आणि मुलींचं यात सारखं नसतं हे ज्यांनी पथक घेतलं नाही त्यांना पटवून द्यावं लागतं. स्काऊटचा पोरगा सायकल काढून निघतो, वडील म्हणतात जा. पोरगी कॅम्पला जाणार की नाही हे घरी बसून ठरतं, आणि ते ठरवायला कुणीतरी त्या घरी जावं लागतं. मी गेली आहे. एकदा रामटेकच्या बाजूला तीन दिवसांचं शिबिर होतं, तृतीय सोपानच्या, म्हणजे गाईडच्या तिसऱ्या पायरीच्या चाचणीचं. एका पोरीची आई नाही म्हणत होती. मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती बाई मिरचीचे देठ खुडायच्या कामाला जायची, दिवसभर मिरची, घरी आल्यावर हाताची आग होते म्हणून वाटीत ताक घेऊन बोटं बुडवून बसली होती अंगणात. मला पाट दिला बसायला. आणि मग एकेक विचारायला लागली. संडास कुठं आहे, खोलीपासून किती लांब. दाराला आतून कडी आहे का. शिबिराला माणसं कोण कोण आहेत. पोरीला मध्येच पाळी आली तर. मी सगळं सांगितलं, जागा मी आधी जाऊन बघून आली होती म्हणून सांगता आलं. शेवटी तिनं विचारलं, रात्री दाराजवळ कोण झोपते? मी म्हटलं मीच झोपते, दरवेळी, आडवं अंथरूण टाकून. तर म्हणाली, मंग घिऊन जा मॅडम.

बोटं ताकातच होती तिची. पोरगी आतून ऐकत होती, पळतच बाहेर आली.

हे काम कुठलं विभागीय कार्यालय करणार सांगा मला. फोनवर होत नाही, परिपत्रकाने होत नाही, नागपूरहून महिन्यातून एकदा गाडी करून येणाऱ्या माणसाने होत नाही. कुरखेड्याच्या, एटापल्लीच्या आईला दाराजवळ झोपणारी बाई तोंडओळखीची पाहिजे, तिच्या बोलीत बोलणारी, मग ती गोंडी असो का तेलुगू का झाडीबोली. आणि अशी बाई तयार व्हायला, टिकायला, तिच्या पाठीशी जिल्ह्यातच कुणीतरी पाहिजे, जिच्याकडे जाऊन ती म्हणू शकेल की मुख्याध्यापक शनिवारी सोडत नाहीत, तुम्ही एक शब्द टाका. हा एक शब्द टाकणारी जिल्ह्याची आयुक्त नाहीतर संघटक बाई काढून घेतली तर खालच्या कॅप्टन एकट्या पडतात, आणि एकट्या पडलेल्या बाया फार दिवस फुकटचं काम करत नाहीत, करूही नये त्यांनी.

विलीनीकरण म्हणजे वाईटच असं मात्र माझं म्हणणं नाही. आपली संघटनाच विलीनीकरणातून झालेली आहे. ७ नोव्हेंबर १९५० ला स्काऊटच्या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झालं आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्स त्यात सामील झाल्या. तेव्हाच्या बायांना भीती वाटली नसेल का की पोरांच्या गर्दीत आपल्या पोरी मागं पडतील? पण तिथे एक शहाणपण केलं गेलं. संस्था एक, पण गाईडचा विभाग वेगळा राहिला, गाईडच्या आयुक्त वेगळ्या, वरपासून जिल्ह्यापर्यंत, प्रशिक्षण वेगळं, पथकाला कॅप्टन बाईच. दिल्लीतल्या राष्ट्रीय मुख्यालयाला लक्ष्मी मजुमदार यांचं नाव आहे, एका बाईचं, हे मला फार मोठं वाटतं. म्हणजे एकत्र येतानासुद्धा पोरीच्या सगळ्यात जवळचं जे आहे ते कुणी हलवलं नाही. त्या पत्रातली सूचना नेमकी उलटी आहे, त्यात वरचं सगळं तसंच राहतं आणि पोरीच्या जवळचं आहे तेच उचललं जातं.

आणि नागपूरकरांना तर हे मी सांगायलाच नको होतं. भारतातलं पहिलं गाईड पथक १९११ साली जबलपूरला निघालं. तेव्हा जबलपूर आपल्या मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर. पचमढी, जिथे आज राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, जिथे मी स्वतः पावसात तंबू धरून रात्रभर बसलेली आहे, तेही आपल्याच प्रांतात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि जबलपूर-पचमढी मध्य प्रदेशात राहिले. त्याच्या आधी १९५३ च्या नागपूर करारात लिहिलं होतं की वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होईल. ते होतं. हिवाळ्यात काही दिवस गाड्या येतात, मोर्चे निघतात, संत्र्याच्या पेट्या भरल्या जातात, आणि मग सगळे परत मुंबईला. मी विदर्भवादी आंदोलनात कधी नव्हते, आणि या पत्रात मला तो विषय काढायचा नाही. पण मोठ्यात गेल्यावर छोट्याला काय वाटतं हे नागपूरला माहीत आहे एवढंच म्हणते. लहान कामासाठी मुंबईची वारी करून आलेला माणूस नागपुरात घरोघरी आहे. मग तेच नागपूर गडचिरोलीला म्हणणार का की या आता आमच्याकडे, वर्षातून एकदा आम्हीही येत जाऊ?

पुण्याचं उदाहरण घ्या. पुण्यात गाईडचं संगम आहे, १९६६ मध्ये सुरू झालं, जगात अशी मोजकीच जागतिक केंद्रं आहेत आणि त्यातलं एक आपल्या महाराष्ट्रात. तिथे बाहेरच्या देशातून मुली येऊन राहतात. तेवीस वर्षांत मी नागपूरच्या पोरींना तिथे फक्त दोनदा नेऊ शकले, दोन्ही वेळच्या मिळून ११ पोरी. रेल्वेचं रिझर्वेशन, सुट्टी, पैसे, आईबाप, सगळं जुळायला पाहिजे ना. चांगली गोष्ट लांब असली की ती आपल्यासाठी नसल्यासारखीच असते, हे त्या अकरा सोडून बाकीच्या पोरींना विचारा.

आता कुणी म्हणेल की मग करायचं काय, नुसता विरोध सोपा असतो. तर बघा, हिशोब, ऑडिट, नोंदणीची कागदं, गणवेश आणि स्कार्फची खरेदी, हे नागपुरात एका जागी करा, खुशाल करा, त्यासाठी एक चांगला हिशोबनीस ठेवा जो नागपूर विभागातल्या सहाही जिल्ह्यांचं बघेल, त्याने जिल्ह्यातल्या त्या एकट्या माणसाच्या डोक्यावरचं ओझंच उतरेल आणि त्याला शाळांमध्ये फिरायला वेळ मिळेल. तंबू, मोठी भांडी, दोऱ्या, हे सगळे जिल्हे मिळून वापरू शकतात. पण जिल्ह्याची गाईडची बाई जिल्ह्यातच राहिली पाहिजे आणि सोपानच्या चाचण्या जिल्ह्यातच, जमलं तर तालुक्यात झाल्या पाहिजेत, परीक्षक तिकडे जावेत, ३० पोरींना नागपूरला आणण्यापेक्षा दोन बायांनी अहेरीला जाणं स्वस्त पडतं, हा हिशोब तर त्या पत्रलेखकांनाही पटेल. आणि जिथे जिथे शिबिराची स्वतःची जागा आहे, मग ती चार खोल्यांची का असेना, तिचा सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि पुढे कुणाच्या नावावर राहील हे आधी कागदावर घ्या. अमेरिकेतल्या बायांना हे उशिरा कळलं. आपल्याला आत्ताच कळलेलं बरं.

आणि आकडे मागाच. कुणीही एकत्र करा म्हणून प्रस्ताव आणला तर त्याला विचारा की आज दर शनिवारी पथकात प्रत्यक्ष उभ्या राहणाऱ्या पोरी किती आणि एक वर्षानंतर किती असतील, आणि ते कोण मोजणार. रजिस्टरमधली नावं नकोत. आमच्या ३२ नावांनी मला फसवलं होतं.

माझं वय आता सहासष्ट आहे, गुडघे दुखतात, तंबूचा खुंटा ठोकणं होत नाही. पण २२ फेब्रुवारीला चिंतन दिन असतो, या चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल आणि त्यांच्या पत्नी, दोघांचाही वाढदिवस, त्या दिवशी माझ्या जुन्या पोरी अजून फोन करतात. त्यातली एक ताकवाल्या आईची. ती आता भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिच्या शाळेत तिने गाईडचं पथक सुरू केलंय, २२ पोरी आहेत. तुमच्या पेपरातलं ते पत्र तिनेच मला फोटो काढून पाठवलं होतं, खाली एवढंच लिहिलं होतं, मॅडम आता आमचं काय?

म्हणून माझी त्या पत्रलेखकांना आणि ज्यांच्या हातात हा विषय असेल त्यांना हात जोडून विनंती आहे की या विषयावर बैठक घ्यायची असेल तर ती नागपूरच्या हॉलमध्ये घेऊ नका. गडचिरोलीत घ्या, नाहीतर अजून खाली अहेरीला घ्या, शनिवारी घ्या म्हणजे तिकडच्या कॅप्टनना येता येईल, आणि दोन-चार आयांनाही बोलवा. मला कळवलंत तर मी गणेशपेठवरून सकाळची पहिली एसटी पकडून येते, जेवणाचा डबा माझा मी आणीन.

आपली,
एक निवृत्त गाईड कॅप्टन
नागपूर